कॅप्टन पिनाकातेवरची अधिकृत संमिश्र प्रतिक्रिया

"पण तुमच्यापैकी पिक्चर पाहिलाय कुणी?"

प्रश्न ब्रिसेइदाच्या तोंडून बाहेर पडला, पण तो मूळचा तिचा नव्हता. शुक्रवारी मधल्या सुट्टीत युरित्सी आणि दालिया या तिच्या दोन जिवलग मैत्रिणींनी तो शाळेच्या पायरीवर बसून रचला होता. "भर सभेत विचारून दाखव, महिनाभर तुझं दप्तर आम्ही वाहू," असं दालिया म्हणाली होती, आणि युरित्सीने "ही कसली विचारतेय, हिचे पाय आत्ताच लटपटतायत," अशी वरून फोडणी दिली होती. ब्रिसेइदा पंधरा वर्षांची होती. या वयात माणूस गणित सोडतं, जेवण सोडतं, आव्हान सोडत नाही.

तर प्रश्न विचारला गेला. मागच्या रांगेत कुणीतरी मक्याचं आंबटगोड तेहुइनो नळीने ओढत होतं, त्याचा शेवटचा 'सुर्रर्र' तेवढा ऐकू आला.

सभा भरली होती ग्वादालाहारातल्या सांता तेरे भागात, तोर्ता, म्हणजे भरलेले पाव, तिखट रश्श्यात बुडवून विकणाऱ्या दुकानाच्या माडीवर. रविवार, सकाळचे अकरा. मंडळाचं नाव कॅप्टन पिनाकाते चाहता मंडळ, हालिस्को राज्य (नोंदणीकृत). सभासद त्रेचाळीस. उपस्थिती शंभर टक्के, कारण गैरहजर राहायचं तर नऊ दिवस आधी अर्ज करावा लागतो.

कॅप्टन पिनाकाते हा एक काळा भुंगा आहे. तो मोडक्या यानातून ग्रहोग्रही टाक्या पोहोचवतो आणि त्याला एकही पत्ता धड सापडत नाही. मूळ कार्टून मालिका कुठल्याशा थंडगार देशात तयार झाली. तिथे त्या टाक्यांत दूध असतं म्हणे आणि भुंग्याचं नावही भलतंच आहे. पण वीस वर्षांपूर्वी मालिका मेक्सिकोत आली, एवेलियो लांदेरोस मास्तरांनी त्या भुंग्याला आपला आवाज दिला, आणि पहिल्याच भागात मंगळावरच्या बोळात यान घालून, गल्लोगल्ली टाक्या विकणाऱ्या आपल्या गॅसवाल्यांसारखी "गाऽऽऽस!" अशी जी आरोळी ठोकली, त्या दिवसापासून टाक्यांत गॅस आला आणि भुंगा आपल्या आळीतला झाला.

आता वीस वर्षांनी त्याच्यावर मोठा पिक्चर निघाला होता. आवाज मास्तरांचाच. पिक्चर गुरुवारी लागला. मंडळाच्या सभेची नोटीस त्याच्या आठवडाभर आधी निघाली होती. विषय क्रमांक तीन, 'चित्रपटाबद्दल निराशा व्यक्त करणे.'

घोटाळा केला वर्तमानपत्राने. शनिवारी सातव्या पानावर छापून आलं, 'नव्या पिक्चरवर चाहत्यांच्या संमिश्र प्रतिक्रिया.' मंडळाचे अध्यक्ष कोवार्रुबियास यांची कॉफी हातातल्या हातात निवली. ते पदवीधर असल्यामुळे सगळे त्यांना लिसेन्सियादो म्हणत. नुसतं नाव घेतलेलं त्यांना ऐकू येत नसे. "चाहते म्हणजे आपण," ते सभेत म्हणाले, "आणि आपण तर अजून प्रतिक्रिया दिलेलीच नाही. मग ती संमिश्र झाली कशी?" पण छापून आलेलं खोटं तरी कसं म्हणायचं? लिसेन्सियादो आठवडाभर जन्ममृत्यू नोंदणीच्या कचेरीत बसतात. तिथे माणूस समोर उभा असला आणि कागदावर मेलेला असला, तर कागदाचं बरोबर असतं. तेव्हा वर्तमानपत्र तोंडघशी पडू नये म्हणून मंडळाने एकमताने संमिश्र व्हायचं ठरवलं.

सचिव ओब्दूलियाबाईंनी चिठ्ठ्या वाटल्या. एकोणीस जण निराश. अकरा जण संतप्त. आठ जण 'आमच्या वेळची मजा राहिली नाही.' पाच जण 'ठीक आहे, पण.' 'आवडला' असा रकाना नमुन्यात नव्हता. गेल्या वीस वर्षांत त्याची गरज पडली नाही, असं ओब्दूलियाबाईंनी सांगितलं. संतप्त व्हायला झाडून सगळे तयार होते, म्हणून ती जागा सेवाज्येष्ठतेने भरली आणि उरलेल्यांची प्रतीक्षा यादी केली. ब्रिसेइदा सर्वांत लहान सभासद. तिच्या चिठ्ठीवर होतं, 'निराश (सौम्य).'

आणि ही बया तर गुरुवारी आईबाबांबरोबर जाऊन खुर्चीवरून घसरेपर्यंत हसून आली होती. म्हणून ती उठली आणि तिने विचारलं.

"बाळ," लिसेन्सियादो म्हणाले, "प्रश्न लेखी लागतो. तीन प्रतींत."

ब्रिसेइदाने तीन प्रती काढून टेबलावर ठेवल्या. युरित्सीने त्या आधीच करून दिल्या होत्या, तिला लिसेन्सियादो माहीत होते.

"यावर शिक्का नाही."

"शिक्का तुमच्याच खिशात असतो ना, साहेब?"

कुणी हसलं नाही. हसण्याचा विषय पत्रिकेवर नव्हता. लिसेन्सियादोंनी नाइलाजाने शिक्का मारला, आणि एकदा शिक्का मारलेल्या कागदाला उत्तर न देणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी जागच्या जागी त्रिसदस्यीय समिती नेमली. समितीने दहा मिनिटं जिन्यात बसून अहवाल आणला.

त्रेचाळीसपैकी सहा जणांनी पिक्चर पाहिला होता. उरलेल्या सदतीसपैकी बावीस जणांनी जाहिरात पाहिली होती. दहा जणांनी जाहिरात पाहून रडणारा एक माणूस मोबाइलवर पाहिला होता. चार जणांनी बसच्या मागचं पोस्टर पाहिलं होतं, त्यातल्या दोघांनी बस सुटल्यावर. एकाला त्याच्या मेव्हण्याने सांगितलं होतं.

"म्हणजे सदतीस जणांनी पाहिलेलाच नाही!" ब्रिसेइदा ओरडली.

"अगदी बरोबर," लिसेन्सियादो म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर आता समाधान होतं. "सदतीस सभासद निःपक्षपाती आहेत. प्रश्न उरलेल्या सहांचा आहे. मला सांगा, न्यायाधीश आरोपीच्या घरी जाऊन दोन तास बसला, तर त्याने निकाल द्यावा का?"

"मुळीच नाही!" संतप्त गटातून आवाज आला.

"पिक्चरमध्ये दोन तास बसून आलेल्या माणसाचं मन पिक्चरने व्यापलेलं असतं. तो पिक्चरच्या प्रभावाखाली असतो. अशा माणसाने पिक्चरवर मत देणं म्हणजे..." त्यांना शब्द सुचेना. ओब्दूलियाबाईंनी पुरवला. "लाचलुचपत."

टाळ्या पडल्या. सहाही जणांना 'प्रभावित' घोषित करून वर्षभर प्रतिक्रिया द्यायला बंदी घालावी, असा ठराव आला. लगेच एकाला आठवलं की आपण मध्यंतरापर्यंत झोपलो होतो आणि नंतर घरी गेलो. एका बाईंना आठवलं की आपण चुकून शेजारच्या पडद्यावर भुताचा पिक्चर पाहिला, आणि त्यात भुंगा का नाही म्हणून निराशही झालो. तिसरा म्हणाला की मी होतो आत, पण डोळे मिटून. चौथ्या-पाचव्याने सामायिक अर्ज दिला. पाचही जणांना सन्मानाने परत घेतलं. उरली ब्रिसेइदा.

"हसलीस?"

"हो."

"किती वेळा?"

"मोजलं नाही. माझ्यापेक्षा बाबाच जास्त हसले."

"लिहून घ्या," लिसेन्सियादो म्हणाले. "प्रभाव घरभर पसरलेला आहे."

इथे प्रकरण संपलं असतं, पण विषय क्रमांक चार उरला होता. पुढच्या रविवारी एवेलियो मास्तरांचा सत्कार. चौऱ्याहत्तर वर्षांचे मास्तर खास राजधानीहून येणार होते. आणि आत्ताच केलेला नियम वाचताना ओब्दूलियाबाईंचा चष्मा नाकावरून घसरला.

"लिसेन्सियादोसाहेब, मास्तरांनी पिक्चर पाहिलाय."

"पाहिलाय?"

"नुसता पाहिला नाही, ते पिक्चरमध्ये आहेत. आणि काल फोनवर मला म्हणाले, 'पोरी, या वयात इतकी मजा आली की काय सांगू.'"

राज्यातला सर्वांत प्रभावित माणूस मंडळाच्या व्यासपीठावर बसणार होता. शेवटी ठराव झाला तो असा. मास्तरांच्या आवाजाचा सत्कार करण्यात यावा, पदक देण्यात यावं, शाल पांघरण्यात यावी, मात्र मास्तरांनी बोलू नये.

"पण लोक येणार ते आवाज ऐकायलाच ना?" एका निराश सभासदाने विचारलं.

"मग त्यांचा आवाज दुसऱ्या कुणीतरी काढावा," लिसेन्सियादो म्हणाले, आणि बेचाळीस माना ब्रिसेइदाकडे वळल्या.

तिच्याइतका हुबेहूब पिनाकाते शहरात कुणी काढत नसे. सात वर्षांची असताना तिने खिडकीतून "गाऽऽऽस!" अशी आरोळी दिली होती आणि गल्लीतल्या चार बायका रिकाम्या टाक्या घेऊन खाली उतरल्या होत्या. पण त्या आवाजामागची गोष्ट मंडळाला ठाऊक नव्हती. लहानपणी ब्रिसेइदा अडखळत बोलायची. स्वतःचं नाव सांगायला तिला अर्धं मिनिट लागायचं आणि पोरं तेवढ्यात पळून जायची. पिनाकातेच्या आवाजात मात्र एक अक्षर अडत नव्हतं. मग ती दोन वर्षं पिनाकातेच्या आवाजात बोलली. वर्गात, दुकानात, कबुलीजबाब द्यायला गेली तेव्हा पाद्र्याशीसुद्धा. एक दिवस तो आवाज गळून पडला आणि आतून तिचा स्वतःचा निघाला, न अडखळणारा. हे तिला एकदा मास्तरांच्या शेजारी बसून त्यांना सांगायचं होतं. एवढंच. अकरा पत्रं लिहून झाली होती, एकही टाकलं नव्हतं.

ओब्दूलियाबाईंनी मंजूर भाषण तिच्या हातात दिलं. 'मी, कॅप्टन पिनाकाते, या पिक्चरने माझी आणि माझ्या चाहत्यांची घोर फसवणूक केली असल्याचे जाहीर करतो.' पुढे दीड पान.

"खुर्ची मास्तरांच्या उजव्या हाताला," लिसेन्सियादो म्हणाले. "कार्यक्रमानंतर जेवणही त्यांच्याच टेबलावर. फक्त हा 'चित्रपट न पाहिल्याचा दाखला' बुधवारपर्यंत भरून आण. आईवडिलांच्या सह्यांसकट. नाहीतर पिनाकाते काढणारे दुसरेही आहेत." ते खोटं होतं, पण त्यांनी ते अध्यक्षांच्या आवाजात सांगितलं.

खाली तोर्ताच्या दुकानात युरित्सी आणि दालिया वाट बघत होत्या. पैजेसाठी रविवारीही आणायला लावलेलं दप्तर दालियाने न विचारता खांद्याला लावलं. सगळं ऐकून युरित्सीचा घास हातातच राहिला.

"फाड तो कागद. आत्ता फाड, माझ्यासमोर."

"वेडी आहेस का?" दालिया म्हणाली. "मास्तरांच्या शेजारी, अगं! शेजारी!"

"शेजारी बसून त्यांच्याच आवाजात त्यांना शिव्या घालायच्या?"

"शिव्या कुठे? अधिकृत निराशा आहे ती. मास्तर समजून घेतील. इतकी वर्षं या धंद्यात आहेत."

"आणि मग जेवताना काय सांगशील त्यांना? तुमच्यामुळे बोलायला लागले, आणि पहिल्यांदा बोलले ते हे?"

सभेत एवढी धडाधड बोलणारी ब्रिसेइदा तिखट रश्श्याने तोंड भाजल्याचं निमित्त करून पाणी पीत राहिली.

घरी पोचली तेव्हा मक्याच्या रश्श्याचे, पोसोलेचे वाडगे मांडले होते. बाबा गुरुवारपासून अंगात वारं शिरल्यासारखे वागत होते. मीठ मागायचं तरी पिनाकातेसारखं ओरडून मागायचे आणि आई हसून हसून पदार्थ सांडायची. ब्रिसेइदाने दाखल्याचा कागद मध्ये ठेवला आणि उभी राहिली. बसून सांगण्यासारखं ते नव्हतं.

"आई, बाबा, मी एक निर्णय घेतलाय. गुरुवारी आपण पिक्चरला गेलो नव्हतो."

बाबांचा चमचा थांबला. "मग मी एवढा हसलो कुठे?"

"तुम्ही हसला नाहीत. सही इथे."

आईने कागद दोनदा वाचला. तिने आरडाओरडा केला नाही. तिने शहाण्या माणसाचा प्रश्न विचारला. "नव्हतो गेलो, तर होतो कुठे? कुणी विचारलं तर तिघांचं उत्तर एक हवं."

"तुझ्या बहिणीकडे," बाबा म्हणाले. "आठ ते दहा. तिने पुन्हा तेच अल्बम दाखवले." आणि त्यांनी सही केली. मग पेन हातात तसंच धरून म्हणाले, "पण त्या मास्तरांना काय सांगणार गं तू?"

"त्यांना काही सांगायचं नाहीये, बाबा. त्यांच्या आवाजात बोलायचंय फक्त."

आईने सही केली आणि खालच्या रिकाम्या रेघेवर बोट ठेवलं. "हे काय, साक्षीदार?"

"हो. पिक्चर न पाहिलेला, पण पिक्चरबद्दल ठाम मत असलेला कुणीही चालेल. आपल्या ओळखीचा नको."

"असा परका माणूस तीन दिवसांत कुठून आणणार?"

"तेही ठरवलंय मी," ब्रिसेइदा म्हणाली. तिचा आवाज जरासुद्धा अडखळला नाही. "उद्यापासून भेटेल त्याला ही हकीगत पहिल्यापासून सांगत सुटणार. पिक्चर त्याने पाहिलेला नसणारच. आणि सगळं ऐकून झाल्यावर ज्याला वाटेल की पिक्चर कसा आहे ते आपल्याला कळलं, कोण बरोबर आणि कोण चूक तेही कळलं, त्याची तिथल्या तिथे सही घेणार."