नव्या बांधणीचा आवाज

जेवता जेवता बाइंडरच्या बायकोने डाव्या हाताने पुस्तक उघडलं आणि 'कर्र' असा आवाज आला. बाइंडरचा घास हातातच राहिला.

"अगं, हे पुस्तक तू आज पहिल्यांदा उघडतेयस?"

"छे! तीन आठवडे वाचतेय की."

"मला नको शिकवूस. नवी बांधणी पहिल्यांदा उघडली की पुठ्ठा असा वाजतो. एकदाच वाजतो. तीस वर्षं ऐकतोय मी तो आवाज."

बायको ओशाळली, पण कबूल कशाला करतेय? वाचनालयाने 'चौकस वाचक' नावाचा उपक्रम काढला होता. कथा नाहीत, कादंबऱ्या नाहीत, नुसती माहितीची पुस्तकं. तारे, मुंग्या, ज्वालामुखी, समुद्र, पोट, सांडपाणी. ज्याला जगात कशाचंही कुतूहल आहे त्याची सोय होईल अशी निवड. बारा वाचकांना बारा पुस्तकं, मुदत तीन आठवडे, आणि आज दुपारी चार वाजता प्रत्येकाने आपापल्या पुस्तकावर भाषण करायचं. बायकोने तारे मागून घेतले होते. पुस्तकं जुनी, पुढची नावाची पानं केव्हाच फाटून गेलेली. त्यांना मरून रंगाच्या कापडाची नवी बांधणी बाइंडरनेच करून दिली होती, कारण वाचनालयाचा ग्रंथपाल म्हणजे त्याचा सख्खा मेहुणा.

"दहा पानं चाळते आणि जाते," बायको म्हणाली. "ताऱ्यांवर काय, कुणीही बोलेल." तिने पहिली ओळ वाचली आणि ती किंचाळलीच. "अगंबाई! अहो, यात तारे कुठायत? 'शहराचं सांडपाणी नेऊन सोडायचं कुठे, ही माणसाची फार जुनी डोकेदुखी आहे'... हे काय शिवलंय तुम्ही?"

बाइंडरने उष्ट्या हातानेच पुस्तक ओढलं. वर सोनेरी अक्षरांत 'आकाशातले शेजारी', आत गटारं. पुठ्ठे सुकायला ठेवताना गठ्ठा पालथा घातलेला त्याला आठवला. पालथा घातलेला गठ्ठा त्याने पुन्हा सरळ केलाच नव्हता. म्हणजे पहिल्या पुस्तकाला बाराव्याचा पुठ्ठा, दुसऱ्याला अकराव्याचा, आणि असंच शेवटपर्यंत.

"एक नाही गं," तो खाली बसत म्हणाला, "बाराच्या बारा."

"आणि शिवताना एकदाही आत बघितलं नाहीत?"

"तू तीन आठवड्यांत बघितलंस?"

यावर दोघांनीही हात धुतले आणि वाचनालय गाठलं.

मेहुणा खुर्च्या मांडत होता. बाइंडरने त्याला कपाटामागे ओढून सगळं सांगितलं. मेहुण्याचं तोंड पांढरंफटक पडलं.

"दाजी, पुस्तकं तपासून घेतल्याची सही माझी आहे हो! आणि आज कार्यक्रम झाल्यावर अध्यक्षबाई माझ्या कायम नोकरीच्या कागदावर सही करणार आहेत. कशा आहेत त्या, माहितीये ना? आधीच्या ग्रंथपालाला एका हरवलेल्या नकाशापायी घरी बसवलं."

"पण तीन आठवड्यांत कुणी तक्रार कशी केली नाही?"

मेहुण्याने शेऱ्यांची वही उघडून दाखवली. 'ज्वालामुखीची माहिती अंगावर काटा आणणारी.' 'मुंग्यांनी जगायला शिकवलं.' शेरे अकरा, सगळे एकापेक्षा एक. तिघंही वहीकडे बघतच राहिली.

"ताई, तूसुद्धा?" मेहुण्याने बहिणीचा शेरा वाचला. "'रात्र रात्र झोप लागली नाही'?"

"गप रे. आता कुणी काही बोलू नका. कार्यक्रम पार पडू दे, मग गुपचूप पुठ्ठे बदलू."

चार वाजता अध्यक्षबाई माइकसमोर उभ्या राहिल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, आवाज अजून शाळेतलाच. "ही बाराही पुस्तकं मी स्वतः वाचून निवडलीत. स्वतःसाठी मी 'खोल समुद्रातले जीव' घेतलं. दोनदा वाचलं!" त्यांनी पुस्तक उंच धरून दाखवलं. बाइंडरने डोळे मिटले.

मग दातांचे डॉक्टर मुंग्यांवर बोलले. मुंगी कष्टाळू असते, शिस्तीची असते, आपणही तसं असावं. टाळ्या पडल्या. त्यांच्यानंतर विमा एजंट ज्वालामुखीवर बोलले. वरून शांत, आतून खदखदणारा; माणसाचंही तसंच असतं, म्हणून वेळेवर विमा काढावा. पुन्हा टाळ्या. मेहुण्याच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. "सुटलो बहुतेक," तो पुटपुटला.

तेवढ्यात शिलाईवाल्या आजी उठल्या. वय पंच्याहत्तर, चष्मा दोऱ्याने बांधलेला. वहीत शेरा न लिहिणाऱ्या त्या एकट्याच.

"माझं पुस्तक 'आपलं पोट'," आजी म्हणाल्या. "मला पोटाचा त्रास, म्हणून नेलं. पहिल्याच पानावर देवमासा. म्हटलं, लेखक मोठ्या पोटापासून सुरुवात करत असेल, येईल हळूहळू आपल्यापर्यंत. मग आला आठ हातांचा प्राणी. मग अंधारात दिवा लावून फिरणारा मासा. तीनशे चार पानं वाचली हो, दोनदा चष्मा बदलला, पण माणसाचं पोट काही आलं नाही. मासे मात्र असे आवडले की काय सांगू! पण मला एक सांगा, हे पुस्तक समुद्राचं तर नाही ना?"

दातांच्या डॉक्टरांनी हळूच आपलं पुस्तक उघडलं. कर्र. विमा एजंटांनी उघडलं. कर्र. मग मागच्या रांगेतून, खिडकीजवळून, पंख्याखालून एकामागून एक कर्र, कर्र, कर्र. बाइंडर थक्क होऊन मोजत होता. नऊ झाले. बायकोचं पुस्तक दुपारीच वाजलं होतं, आजींचं वाजायचा प्रश्नच नव्हता.

"ग्रंथपाल!" अध्यक्षबाई कडाडल्या. "हा काय गलथानपणा? पुस्तकं तपासून घेतलीत म्हणून सही कुणाची आहे? असल्या माणसाला मी कायम करू?"

मेहुणा उभा राहिला. बाइंडर "चूक माझी" म्हणत पुढे सरसावला, पण आजी आधीच मंचावर पोचल्या होत्या.

"रागावू नका हो बाई. तुमचा समुद्र माझ्याकडे आलाय म्हणजे माझं पोट तुमच्याकडेच असणार. तुम्ही तर दोनदा वाचलंत, तुम्हाला ठाऊकच असेल. बद्धकोष्ठाचं कितव्या पानावर आहे, तेवढं काढून द्या."

अध्यक्षबाईंचा हात पुस्तकावरच थांबला. सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर. शेवटी त्यांनी पुस्तक उघडलं, आणि ते नेमकं माइकसमोर होतं.

कर्र!

सभागृहाच्या चारही कोपऱ्यांतून तो आवाज परत आला. "हा कसला आवाज?" आजींनी दचकून विचारलं.

बाइंडर मंचाच्या पायरीशी उभा होता. अध्यक्षबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत मुख्याध्यापिका कुठेच नव्हती. गृहपाठ न केलेली, चौथीतली मुलगी होती. बाइंडरने एकदा मेहुण्याकडे पाहिलं, एकदा बाईंकडे.

"माइक खराब आहे, आजी," तो म्हणाला.

अध्यक्षबाईंनी पुस्तक आजींच्या हातात दिलं, घसा साफ केला आणि म्हणाल्या, "ग्रंथपाल, तो तुमच्या नोकरीचा कागद आणा बघू. पेन आहे माझ्याकडे."