पांढऱ्यावर पांढरे

आपली केळीची एजन्सी इंटरनेटवर त्रेचाळिसाव्या नंबरावर आहे, हे बन्सीलालभाऊंना जळगावात पंडित सरांच्या क्लासमध्ये कळलं आणि तोंडातली सुपारी तोंडातच राहिली. पहिल्या नंबरावर चुडामण होता. फैजपूरच्या त्याच रस्त्यावरचा, भाऊंच्या बरोब्बर समोरचा चुडामण.

ही नव्व्याण्णव सालची गोष्ट. पंडित सर आदल्या वर्षापर्यंत टायपिंगचा क्लास चालवत. टाइपरायटर विकून त्यांनी तीन कॉम्प्युटर घेतले आणि पाटीवर ‘वेबसाईट बनवून मिळेल’ असं रंगवून घेतलं. त्यांच्याकडे एक तयार सॉफ्टवेअर होतं. चौकटीत मजकूर भरायचा, बटण दाबायचं, की पान तयार. भाऊंची अकरा पानांची वेबसाईटही त्यातूनच निघाली होती. तळाच्या चौकटीत लिहिलेलं तर सगळ्या पानांखाली आपोआप उमटायचं. या सोयीचा सरांना एवढा अभिमान, जणू ती त्यांनीच घडवली होती.

भाऊंना घाई होती. दिल्लीचा एक बडा व्यापारी आखातात केळी पाठवणार होता आणि सबंध हंगामाला त्याला फैजपूरचा एकच एजंट हवा होता. तो म्हणे इंटरनेटवर बघूनच माणूस निवडतो. म्हणजे त्रेचाळीस नंबरवाल्याने वर्षभर माश्या मारायच्या.

सरांनी उपाय सांगितला. सर्च इंजिन शब्द मोजतं, ज्याच्या पानावर शब्द जास्त तो वर. झालं, पानावर इंग्रजीत दोनशे वेळा ‘केळी’ लिहिलं गेलं आणि नंबर आला सतरा. खरेदीच्या निमित्ताने भाऊंबरोबर आलेल्या त्यांच्या पत्नी बेबाबाईंनी पडद्याकडे पाहून विचारलं, “हे कोन्या पोराले शिक्षा केली व्हती का?”

तेव्हा सरांनी हुकमाचं पान काढलं. जादा शब्द पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत लिहायचे. माणसाला दिसत नाहीत, यंत्र मात्र वाचतं. नंबर चारवर आला, पण चुडामण काही पहिल्यावरून हलेना. लोक शोधताना जे लिहितात तेच आपण लिहायला हवं, सर म्हणाले. मग बाहेरगावचे व्यापारी फैजपुरात काय विचारतात?

याचं उत्तर भाऊंना पक्कं ठाऊक होतं. गेली बारा वर्षं त्यांचा गडी चिंधा एसटी स्टँडवर उभा राहायचा. व्यापारी उतरला, की हमखास चुडामणशेठची एजन्सी विचारी. चिंधा अदबीने त्याची बॅग उचली आणि थेट बन्सीलालभाऊंच्या गादीवर नेऊन बसवी. पाहुण्याने पाटी वाचेपर्यंत चहा समोर आलेला असे आणि चहा संपेपर्यंत सौदा निम्मा झालेला असे. भाऊंचा अर्धा धंदा असाच उभा राहिला होता आणि त्यात त्यांना काही गैर वाटत नसे.

“चुडामणचंच नाव लिहा,” भाऊ म्हणाले. “त्याले शोधनारा माह्या दारात आला पाह्यजे.”

सर हरखले. पण नुसतं नाव पुरणार नव्हतं, मागेपुढे विशेषणंही हवीत. दोघांनी डोकं लावून मजकूर रचला: चुडामण, उत्तम केळी. चुडामण, प्रामाणिक एजंट. चुडामण, फैजपुरात सर्वांत विश्वासू. सांगताना भाऊंनी तोंड वाकडं केलं, पण मजकूर दिसणार होता कुणाला? मजकूर तळाच्या चौकटीत गेला आणि सॉफ्टवेअरने तो अकराही पानांवर इमानेइतबारे उतरवला.

तीन आठवड्यांनी इंटरनेटवर चुडामण शोधला, की बन्सीलालभाऊ पहिले येऊ लागले. भाऊंनी क्लासमध्ये पेढे वाटले.

आणि खरंच दिल्लीकरांची गाडी एके दुपारी भाऊंच्याच दारात थांबली. भाऊंनी गादीवर नवी चादर घातली, बेबाबाईंनी वेलदोड्याचा चहा पाठवला. पाहुण्यांनी बॅगेतून कागद काढले. ऑफिसात छापून घेतलेली ती अकरा पानं होती. भाऊंनी कौतुकाने डोकावलं आणि कप हातातच राहिला.

प्रिंटरला पांढरी शाई माहीत नसते. दिल्लीच्या प्रिंटरने सापडेल ते अक्षर काळंभोर छापलं होतं. प्रत्येक पानाच्या तळाशी चुडामण उत्तम होता, प्रामाणिक होता आणि सर्वांत विश्वासू होता.

पाहुणे मात्र भारावून गेले होते. तीस वर्षांच्या धंद्यात एका व्यापाऱ्याने दुसऱ्याला शिव्या देताना त्यांनी रोज ऐकलं होतं. स्वतःच्या जाहिरातीत समोरच्याची एवढी तारीफ करणारा माणूस ते पहिल्यांदा पाहत होते.

“आप जैसा आदमी झूठ नहीं लिखेगा,” ते म्हणाले. त्यांना आता चुडामणजींना भेटायचं होतं.

लबाडी केली म्हणावं तर हे पुन्हा दारात उभं करणार नाहीत, गप्प बसावं तर हंगाम हातचा गेला. भाऊ फोटोसाठी हसावं तसे हसले आणि त्यांनी चिंधाला हाक मारली. चिंधाने सवयीने बॅग उचलली, रस्ता ओलांडला आणि बारा वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाईक चुडामणच्या गादीवर नेऊन बसवलं.

संध्याकाळी चुडामण शाल-श्रीफळ घेऊन आला. दिल्लीकरांनी दाखवलेली पानं वाचून त्याचे डोळे भरले होते. आपण भाऊंबद्दल इतकी वर्षं भलतंच बोलत आलो, असं म्हणून त्याने शाल भाऊंच्या खांद्यावर घातली. भाऊंना ती काढताही येईना.

तो गेल्यावर दाराशी उभ्या चिंधाने हळूच विचारलं, “भाऊ, उद्या स्टँडवर कोनी चुडामणशेठले इचारलं, त त्याले कुठी नेऊ?”