वस्तू: कंपनी, शेरा: नापास

"बाबा, गोड बोलू नका हं. खरं काय ते लिहा."

हे नापासकाकांना सांगायची काही गरज होती का? काका पंपांच्या कारखान्यात तपासणी खात्याचे प्रमुख. सव्वीस वर्षांत त्यांनी एकही पंप पहिल्या फटक्यात पास केला नव्हता. म्हणून कामगारांनी पाठीमागे हे नाव ठेवलं, आणि पाठीमागचं नाव कधी पुढं येऊन बसलं ते कोणालाच कळलं नाही. घरीही तीच तऱ्हा. लेक पाच वर्षांची असताना तिनं बाबांचं चित्र काढून दाखवलं, तर काका बराच वेळ बघून म्हणाले, "हात छान काढलेत. पण तीन आहेत."

त्याच लेकीनं आता दोन वर्षं घरात बसून संगणकावरचा एक खेळ तयार केला होता. खेळाचं नाव 'कंपनी'. शंभर वर्षांनंतरचं शहर, जिकडे तिकडे निळ्या-जांभळ्या दिव्यांच्या पाट्या. सरकार कधीच गुंडाळलेलं, राज्य कंपन्यांचं. आपण त्यातल्या एका कंपनीचे प्रमुख. कामगारांच्या मेंदूत चिपा बसवायच्या, दुसऱ्या कंपनीचे शास्त्रज्ञ पळवायचे, दुसऱ्यांच्या संगणकांत घुसणारे भाडोत्री लोक एकमेकांवर सोडायचे आणि एवढं सगळं करून कंपनी बुडू द्यायची नाही. गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता खेळ विकत घेणारी एक बाई तिला भेटणार होती. तिनं बजावलं होतं, की येताना बाहेरच्या माणसानं लिहिलेली बलस्थानं आणि उणिवा घेऊन ये. बाईनं नाही म्हटलं, तर पहिल्या तारखेपासून निमूटपणे नोकरी धरायची, असं लेकीनं आईला कबूल केलं होतं.

"बाहेरचा माणूस म्हणाली ना? मग यांना कशाला विचारतेस?" आई म्हणाली.

"आई, तपासायला बसले की बाबांइतकं परकं कोणीच नसतं."

काकांना हे कौतुकच वाटलं. तीन दिवस ते कामावरून आले, की चहा घेऊन खेळायला बसायचे. गुरुवारी सकाळी त्यांनी अहवाल लिहायला घेतला, आणि लिहिला कशावर? तर कारखान्याच्या तपासणीच्या पॅडवर. सव्वीस वर्षांत दुसऱ्या कागदावर दोष लिहायची हाताला सवयच नव्हती. 'वस्तू' या शब्दापुढं लिहिलं, 'कंपनी'. छापील तक्त्यात दोषांचाच एक रकाना होता. काकांनी पट्टी घेऊन मधोमध रेघ मारली आणि बलस्थानांना जागा केली. मग उणिवांच्या बाजूला हात जो सुटला, तो अकराव्या ओळीवर थांबला. बलस्थानांच्या रकान्यात पेन टेकवून ते पाऊण तास बसले. शेवटी एकच ओळ उतरली: 'बंद केल्यावर लगेच बंद होते.'

"अहो, एवढंच?" बायकोनं खांद्यावरून वाचलं. "पोरगी दोन वर्षं राबली!"

"दोन वर्षांचा रकाना नाहीये यात. जेवणाच्या सुट्टीत बघतो आणखी काही सुचतंय का. चारला गेटवर ये म्हणावं तिला, पांढरी प्रत देतो."

खाली शेरा मारला, 'नापास. बाहेर पाठवू नये.' सही ठोकली आणि पॅड पिशवीत टाकलं.

आता त्या पॅडची गंमत अशी, की एका कागदाखाली कार्बन लावलेले तीन कागद असायचे. पांढरी प्रत साहेबांना, पिवळी उत्पादन खात्याला, निळी गेटवर, गुलाबी पॅडमध्येच. जेवणाच्या सुट्टीत काका बलस्थानं शोधायला म्हणून पॅड उघडून बसले. तेवढ्यात एक गळका पंप आला. काकांचं डोकं पंपात गेलं आणि हातांनी त्यांचं रोजचं काम केलं. टर्रकन कागद फाडले, पांढरा, पिवळा, निळा, तीन ट्रेमध्ये तीन. दोन वाजता शिपाई ट्रे रिकामे करून गेला.

सव्वादोनला गेटवर पहिला भोंगा वाजला. दोनशे पंपांनी भरलेला ट्रक बाहेर निघाला होता आणि वॉचमन त्याच्यापुढं हात आडवा करून उभा होता.

"पंप पास आहेत! हे बघ कागद!" ड्रायव्हर ओरडला.

"पंप पास असतील. कंपनी नापास आहे." वॉचमननं फळ्यावर टाचलेला निळा कागद दाखवला. "सही काकांची. बाहेर पाठवू नये. आता अख्खी कंपनीच नापास म्हटल्यावर तिच्यातला पंप मी कसा सोडू?"

ट्रकच्या मागं दुसरा ट्रक आला, मग भंगारवाल्याचा टेम्पो, मग साहेबांचे कागद घेऊन बँकेत निघालेली त्यांची गाडी. वॉचमननं साहेबांच्या गाडीलाही तोच नियम लावला. गाडी कंपनीच्याच नावावर होती.

साहेबांच्या खोलीत तोवर वेगळाच वणवा पेटला होता. साहेब पांढरी प्रत हातात धरून उभे, समोर उत्पादनप्रमुख आणि कर्मचारी खात्याच्या बाई.

"उणीव तीन," साहेबांनी वाचलं. "'कामगार दमला तर त्याला विश्रांती द्यायची सोय नाही. फक्त काढून टाकायची सोय आहे.'"

कर्मचारी खात्याच्या बाईंनी खिडकीबाहेर बघितलं.

"उणीव सहा. 'दर थोड्या वेळानं सभा भरते. सभेत काही ठरत नाही.'"

"ते खरंय," उत्पादनप्रमुखांच्या तोंडून निसटलं.

"उणीव सात. 'सगळ्यांच्या डोळ्यांत कॅमेरे आहेत, तरी चोरी कोणी केली ते कळत नाही.' हे आपल्या कॅन्टीनच्या कॅमेऱ्यावर आहे!"

"आणि चमचे अजून सापडलेले नाहीत," बाई म्हणाल्या.

"आणि उणीव आठमधली मेंदूतली चिप म्हणजे आपलं हजेरीचं यंत्र असणार," उत्पादनप्रमुख म्हणाले. "काका गूढ लिहायला लागले, साहेब. माणूस सव्वीस वर्षं गप्प बसला की असं होतं."

साहेबांना सगळं सोसलं असतं. पण उणीव चार वाचताना त्यांचा आवाज चिरकला: 'प्रमुखाला सह्यांपलीकडं काम नाही. तो नसला तरी कंपनी चालते.'

"बोलवा त्यांना!"

काका आले ते हात पुसतच. कागद बघितला आणि ते घाईनं टेबलाशी आले. साहेबांच्या भीतीनं नव्हे. घड्याळात तीन वाजले होते आणि लेकीची प्रत साहेबांच्या मुठीत चुरगळत होती.

"साहेब, तो माझ्या मुलीचा खेळ आहे हो. माझी चूक झाली. सवयीनं ट्रेत टाकला. द्या इकडे, तिला चारला पाहिजे."

सगळं नीट सांगायला दहा मिनिटं लागली, आणि साहेबांच्या चेहऱ्यावर रंग यायला आणखी पाच. "म्हणजे उणीव चार माझ्यावर नाही?"

"नाही, साहेब."

"हात्तिच्या! मग मारा पासचा शिक्का आणि उघडा ते गेट. बाहेर रांग लागलीय."

काका जागचे हलले नाहीत. "पास कसा करणार? एकही दोष दुरुस्त झालेला नाही."

"अहो काका, खेळ आहे तो!"

"खेळ असो नाहीतर पंप. शेऱ्याखाली माझी सही आहे. फेरतपासणीशिवाय नापासचा शेरा उठत नाही. नियम तुमचाच आहे, साहेब. तुमच्याच भिंतीवर लावलाय."

सगळ्यांनी भिंतीकडं बघितलं. होता खरा, चौकटीत घालून. साहेबांनीच मोठ्या हौसेनं लावला होता.

"मग आता?"

"एकच वाट आहे. सशर्त मंजुरी. तीन साक्षीदारांनी वस्तू माझ्यासमोर एक तास चालवायची. दोष असूनही काम देते असं दिसलं, तर गेट उघडतं. खेळ माझ्या पिशवीत पेनड्राइव्हवर आहे."

साहेब, उत्पादनप्रमुख आणि बाई नाइलाजानं एकमेकांना जोडलेल्या तीन संगणकांपुढं तीन वेगळ्या कंपन्या घेऊन बसले. काका हातात घड्याळ घेऊन मागं उभे राहिले. मनाशी त्यांनी ठरवलं होतं, की सव्वाचारला सह्या घ्यायच्या, कागद घ्यायचा आणि गेटकडं पळत सुटायचं. लेक थांबेल पंधरा मिनिटं.

पहिली दहा मिनिटं साहेब नुसते करवादत होते. "काय करायचं तेच कळत नाही!"

"उणीव एक," काका म्हणाले.

"अक्षरं दिसत नाहीत. जांभळ्यावर निळं कोणी लिहितं का?"

"उणीव दोन."

मग साहेबांनी दमलेले दोनशे कामगार एका झटक्यात काढून टाकले. उरलेल्यांनी साहेबांच्या इमारतीचे दिवेच बंद केले. साहेब ताठ बसले. उत्पादनप्रमुखांनी तेवढ्यात त्या अंधारात साहेबांचा मुख्य शास्त्रज्ञ पळवला.

"हा नालायकपणा आहे!" साहेब गरजले. "मी तुम्हाला खात्याचं प्रमुख केलं!"

"ते इथं, साहेब. तिथं मी स्वतंत्र आहे," उत्पादनप्रमुख पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. हे वाक्य त्यांनी बारा वर्षं जपून ठेवलेलं असावं.

बाईंनी कोणाशीच भांडण केलं नाही. त्यांनी गुपचूप दोघांच्याही चिपा बनवणारा कारखाना विकत घेतला आणि दोघांनाही चढ्या भावानं चिपा विकू लागल्या. चहा आला, निवला, साय धरली. काकांनी एरवी निवलेल्या चहाकडं ढुंकून बघितलं नसतं. आज बघितलं. मग खिशातून पेन काढलं आणि पांढरा कागद हळूच टेबलावरून ओढून घेतला.

'बलस्थान २. चहा निवतो.'

थोड्या वेळानं आणखी लिहिलं, 'बलस्थान ३. खोट्या कंपनीसाठी माणसं खरी भांडतात.'

सव्वाचार वाजले. "झाला तास, साहेब. सही."

"थांबा हो, पाच मिनिटं."

साडेचारला सुट्टीचा भोंगा झाला. तो भोंगा ऐकून उत्पादनप्रमुख आजवर कधी खुर्चीत सापडले नव्हते. आज त्यांची मानही वळली नाही. काय झालं म्हणून विचारायला आलेला ट्रक ड्रायव्हर साहेबांच्या खुर्चीमागं उभा राहून सांगत होता, "डाव्या दारानं येणार बघा शत्रू, प्रत्येक वेळी तिथूनच येतो." (उणीव पाच.) काका कागद पुढं करत होते, साहेब तो कोपरानं बाजूला सारत होते.

"साहेब, माझी पोरगी गेटवर उभी आहे! दोन वर्षं राबलीय ती! तिच्या हातात एका ओळीचं बलस्थान घालून पाठवू का मी?"

काकांचा आवाज एवढा चढलेला कोणी ऐकला नव्हता. साहेबांनी दचकून सही केली, दुसऱ्या दोघांनीही केली. काकांनी कागदावर उभ्याउभ्या आणखी एक ओळ खरडली, 'सशर्त मंजूर' असं लिहिलं आणि धावत सुटले. गेटवर पोचले तेव्हा पाचला दहा कमी होते.

"ताई कुठाय?"

"येऊन गेल्या की," वॉचमन म्हणाला. "मी म्हटलं, काका आत आहेत, कागद बाहेर जाणार नाही. त्यांनी फळ्यावरचा निळा कागद वाचला. सगळा वाचला. मग मोबाइलवर फोटो काढला. फोटोबद्दल नियम नाही, काका, म्हणून सोडलं."

काका स्टुलावर बसले. अकरा उणिवा आणि 'बंद केल्यावर लगेच बंद होते.' वर नापास, वर बाहेर पाठवू नये, वर बापाची सही. त्यांनी वॉचमनकडं जमा असलेला आपला फोन घेऊन लेकीला लावला. तिचा बंद होता. भेटीसाठी बंद केला असणार. मागं ट्रक सुटले, तरी काका तिथंच बसून होते.

सात वाजता ते घरी पोचले, तर लेक स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून पाय हलवत होती. आईच्या डोळ्यांना पदर लागलेला.

"माफ कर, बाळा," काका दारातूनच म्हणाले.

"कशाबद्दल? घेतला तिनं खेळ!"

"काय? तो कागद बघून?"

"तो कागद बघूनच. म्हणाली, माझ्याकडं सगळे मित्रांची स्तुती घेऊन येतात. स्वतःच्या बापाकडून सहीनिशी नापास होऊन आलेली तू पहिलीच. अकराच्या अकरा उणिवा सहा महिन्यांत दुरुस्त करायच्या, असं ठरलंय. आणि बलस्थानाची ती ओळ वाचून इतकी हसली, की पाणी प्यावं लागलं."

काकांनी खिशातून चुरगळलेली पांढरी प्रत काढून पुढं केली. "ही खरी द्यायची होती. आता उपयोग नाही म्हणा."

लेकीनं कागद मांडीवर सपाट केला. चहाचं वाचून हसली, भांडणाचं वाचून आणखी हसली. मग शेवटच्या, घाईघाईत खरडलेल्या ओळीवर येऊन थांबली. तिथं लिहिलं होतं, 'बलस्थान ४. बनवणारी जिद्दी आहे. हे सगळं वाचूनही थांबणार नाही.'

तिनं फ्रीजवर ठेवलेलं लाल पेन घेतलं.

"बाबा, हे चौथं इथं बसत नाही. हा वस्तूचा गुण नाही, बनवणाऱ्याचा आहे. रकाना चुकला." आणि तिनं खाली ठळक अक्षरांत शेरा मारला, 'नापास'.

काकांनी चष्मा लावून बघितलं. सव्वीस वर्षांत त्यांच्या अहवालावर कोणी लाल रेघ ओढली नव्हती. "बरोबर आहे," ते म्हणाले. "चूक आहे खरी. दे इकडे, दुरुस्त करून देतो."

"अंहं." लेकीनं कागदाची घडी घातली आणि आपल्या कपाटाच्या आतल्या कप्प्यात ठेवून किल्ली फिरवली. "नापास माल बाहेर जात नाही, बाबा. नियम आहे."