जबडे निर्दोष सुटले

दातवाला बसमधून उतरला तेव्हा त्याच्या एका हातात छत्री होती, दुसऱ्या हातात जेवणाचा डबा होता आणि पिशवी कुठेच नव्हती. हे लक्षात येईपर्यंत बस दिसेनाशी झाली होती. पिशवीत अठरा जबडे होते.

जबडे म्हणजे प्लास्टरचे साचे. दातांच्या डॉक्टरीणबाई पेशंटच्या तोंडाचं माप घ्यायच्या आणि हा घराच्या मागच्या खोलीत त्या मापावरून साचा ओतून कवळी तयार करायचा. वीस वर्षं त्याचं घर याच कामावर चाललं होतं. साच्यांचे दात एकमेकांवर आपटून तुटू नयेत म्हणून तो प्रत्येक साचा जुन्या फडक्यात गुंडाळायचा. हिरड्यांसाठी वापरायचं लाल मेण लागून लागून त्या फडक्यांचा रंग बघवत नव्हता.

कंडक्टरने पिशवी उघडली आणि त्याची बोबडी वळली. ड्रायव्हरने बस प्रवाशांसकट थेट पोलीस ठाण्यात नेली. इथवर कुणाला दोष देता येणार नाही. लाल फडक्यातून दात बाहेर आले तर कोणीही घाबरेल. पण ठाण्यातल्या एकाने तरी त्या जबड्यावर नख ओढून बघायला हवं होतं. बोटाला पांढरी भुकटी लागली असती आणि सगळे चहाला मोकळे झाले असते. नख कुणी ओढलं नाही. वार्ताहराला फोन मात्र कुणीतरी लगेच केला.

दातवाला धापा टाकत ठाण्यात पोचला.

"साहेब, बसमध्ये माझी पिशवी राहिली. आत जबडे आहेत."

"किती?" हवालदारांनी विचारलं.

"अठरा."

हवालदारांनी आतल्या साहेबांकडे पाहिलं. आकडा बरोबर जुळत होता.

"बस तिथे."

"प्लास्टरचे आहेत हो. खरवडून बघा."

"पुराव्याची खाडाखोड करायला सांगतोस? बस म्हटलं ना."

तो पाच तास बाकावर बसला. बायकोला फोन करायला दोनदा उठला आणि दोनदा त्याला खांदा दाबून खाली बसवण्यात आलं. संध्याकाळी साहेबांनी एक जबडा टेबलावर जरा जोरात ठेवला. त्याचे दोन तुकडे झाले आणि आत सगळं पांढरंफटक निघालं.

"मग आधी सांगायचं ना," साहेब म्हणाले.

तो घरी पोचला तेव्हा बायको टीव्हीसमोर बसली होती. पडद्यावर बाकावरचा तिचा नवरा होता आणि खाली मोठ्या अक्षरांत 'जबड्यांचा सौदागर' असं लिहिलं होतं. वार्ताहराने खिडकीतून मन लावून चित्रण केलं होतं. प्रेक्षकांना किळस येऊ नये म्हणून वाहिनीने जबडे धूसर केले होते. दातवाल्याचा चेहरा मात्र घामाच्या थेंबासकट स्वच्छ दिसत होता.

"अहो, दुपारपासून दाखवतायत," बायको म्हणाली. "शेजारच्या वहिनींनी मुलांना आत बोलावून दार लावून घेतलं. मी दारातच उभी होते, तरी."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी फोन केला. "माझा तुमच्यावर विश्वास आहे हो. पण कवळी तोंडात घालायची असते. पेशंट विचारतात, बनवली कुणी. पोलिसांचं एक पत्र आणा, की तुम्ही काही केलेलं नाही. मी ते दवाखान्यात लावते. तोवर काम दुसरीकडे देते."

वीस वर्षांचं काम आता एका पत्रावर अडलं. दातवाल्याने आधी वाहिनीला फोन लावला.

"मी काही केलं नाही, एवढं एकदा सांगा ना टीव्हीवर."

"काका, ती बातमी कशी होईल?" पलीकडची मुलगी समजुतीने म्हणाली. "या शहरात लाखो लोकांनी काही केलेलं नाही. सगळ्यांचं दाखवत बसलो तर कसं व्हायचं?"

मग ठाण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. सात दिवस त्याला उद्या या म्हणून सांगितलं गेलं. आठव्या दिवशी हवालदारांनी पिशवी परत दिली आणि सोबत शिक्का मारलेला कागद. अठरा नग जबडे, पैकी एक भग्न, तपासाअंती संशयास्पद काहीही आढळले नाही.

"हे जबड्यांचं झालं. माझं?"

"तुमचं काय?"

"मी निर्दोष सुटलो, असं लिहून द्या."

"सुटलात कधी? आधी अटक लागते. तुमच्या अटकेची नोंद कुठेय?"

"मला पाच तास बसवलं होतं."

"बसला होतात. बाक त्यासाठीच आहे."

"दोनदा उठलो तर खाली दाबलं."

"असं कुठे लिहिलंय? जबड्यांची नोंद होती म्हणून त्यांना कागद मिळाला. तुमची नोंदच नाही. जे झालंच नाही त्याचा दाखला मी कसा देणार?"

संताप यावा अशीच ती गोष्ट होती. जगाने त्याला टीव्हीवर त्या बाकावर बसलेलं पाहिलं होतं आणि ठाण्याची नोंदवही म्हणत होती की तो तिथे नव्हताच. वीस वर्षं दुसऱ्यांची तोंडं बसवण्यात गेलेल्या या माणसाने कधी कुणावर आवाज चढवला नव्हता. आज त्याची मूठ टेबलावर आदळली. चहाचा कप उडाला आणि सगळा चहा हवालदारांच्या गणवेशावर गेला.

"मग आता करा अटक," तो ओरडला. "पण लिहा काहीतरी."

हवालदारांनी शर्ट पुसला. त्यांना अजिबात राग आलेला दिसत नव्हता. उलट, अडलेलं काम मार्गी लागल्यासारखे ते उत्साहाने वही उघडून लिहायला लागले. लिहून झाल्यावर त्यांनी एक प्रत पुढे सरकवली.

"आता कसं नियमात बसलं. कोर्टातून सुटलात की पत्र लगेच मिळेल."

दातवाल्याने कागद उचलला. आठ दिवसांत त्याच्या नावाचा पहिलाच सरकारी कागद. सरकारी टेबलावर मूठ आपटणे, पोलिसाच्या अंगावर चहा सांडणे, ठाण्यात आरडाओरडा करणे. सही करण्याआधी खाडाखोड करायला त्याने पेन काढलं आणि एकेक ओळ दोनदा वाचली. खोटं असं त्यात काहीच नव्हतं.