अप्पांचं जाहीर वाचन

गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत फारसं कुणी पेपर विकत घेत नाही. सकाळी अप्पा ओट्यावर बसून तो मोठ्यानं वाचतात आणि टोकाच्या घरापर्यंत निधनवार्ता पोचतात. अप्पांनी जन्मभर कोर्टात पुकाऱ्याचं काम केलं. पक्षकारांना तीनतीनदा नाव घेऊन बोलवायचं, हाच पेशा. अप्पा निवृत्त झाले, आवाज काही झाला नाही. "कुसुमला डोळ्यानं कमी दिसतं, म्हणून वाचतो," असं ते सांगतात. कुसुमकाकूंचे कान मात्र ठणठणीत आहेत.

भाजीवाल्यालाही ते "मेथी हाजिर है?" असं विचारतात. पोरांनी खोडी केली की, "बयान फिरवू नको!" काकू भाजीत मीठ घालायला विसरल्या, तर मुकाट जेवतात आणि हात धुताना म्हणतात, "मीठ गैरहजर व्हतं."

अशा माणसाच्या हाती माझी कादंबरी पडली.

कादंबरीत एक नवरा-बायको आहेत, त्यांना मूल होत नाही. नवऱ्याची बहीण सुधा, तिचं नंदावर प्रेम आहे आणि त्या दोघी संसार मांडतात. पुस्तक छापून येईपर्यंत मी मोठी शूर होते. अप्पा ते ओट्यावर वाचणार म्हटल्यावर सगळं शौर्य संपलं. माझं काय, लोक चार दिवस बोलतील आणि विसरतील. काळजी होती काकूंची. अप्पा-काकूंना मूलबाळ नाही. गल्लीत डोहाळजेवण असलं की काकूंच्या घरी झाकलेलं ताट पोचतं, ओटी भरायला मात्र त्यांना कुणी बोलवत नाही. एकदा तर शिंदेवहिनींच्या सासूबाईंनी त्यांना चारचौघींत मागं सरायला सांगितलं होतं. त्याच गल्लीसमोर आता माझी वाक्यं काकूंना टोचणार होती.

"अप्पा, हे मनातल्या मनात वाचा ना," मी विनवलं.

"कामून? चोरीचा माल हाय का?"

मग काय, रोज दुपारच्या चहानंतर एक प्रकरण. बायका भाजी निवडायला ओट्यावर येऊ लागल्या. नवीन पात्र आलं की अप्पा आधी त्याचा पुकारा करत आणि मगच त्याला बोलू देत. सुधानं नंदाचा हात धरला त्या दिवशी समोरच्या शिंदेवहिनींनी खिडकी धाडकन लावून घेतली. दुसऱ्या दिवशी तीच खिडकी चार बोटं उघडी होती. पुढं एकदा वहिनी सोलायचा लसूण सुपात घेऊन थेट ओट्यावर आल्या आणि मला म्हणाल्या, "त्या पोरींना भाड्यानं घर मिळालं का नाय? उस्मानपुऱ्यात माझ्या मावसभावाची खोली रिकामी हाय."

"आपल्या घरच्या लग्नाची पत्रिका अशा घरी एकीच्याच नावानं धाडायची, का दोघींच्या?" कुणीतरी विचारलं.

"दोघींच्या," काकू म्हणाल्या. "एकीला वगळलं की जेवण गोड लागत नाय."

त्यावर सगळ्या जणी खाली बघून मेथी निवडू लागल्या.

बाहेरचेही वाचक भेटत होते. शहागंजातल्या एका कापडवाल्यांचा फोन आला. त्यांच्या मुलीनं पुस्तक त्यांच्या उशाशी ठेवलं होतं. "वाचलं. यंदा दिवाळीला तिच्या मैत्रिणीलाबी घरी बोलवलंय," एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. अशा वाचकांची मी कायमची ऋणी आहे. पण ओट्यावर आता मूल न होण्याचं प्रकरण जवळ येत होतं आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

त्या प्रकरणात नवरा स्वयंपाकघरात बहिणीला हळूच सांगतो, की मूल होत नाही तो दोष माझ्यात आहे, बायकोत नाही. अप्पांनी ते वाचलं. पान उलटलं नाही. चष्मा काढला आणि त्याच खणखणीत आवाजात पुढं बोलू लागले. ती वाक्यं माझ्या पुस्तकात नव्हती.

"आता माझं ऐका. आमालाबी लेकरू झालं नाय. खोट माझ्यात व्हती. डॉक्टरनं मला तवाच सांगितलं, अन् मी तोंड शिवून बसलो. कुसुमला लोक जे बोलले, ते मला बोलायला पायजे व्हतं."

काकूंनी पदर सारखा केला.

"मला ठाऊक व्हतं," त्या म्हणाल्या. "त्याच डॉक्टरनं मलाबी सांगितलं व्हतं. तुमी लई खचला व्हता, म्हणून मी कधी विषय काढला नाय. अन् आता साऱ्या गल्लीला कामून सांगायचं?"

अप्पांचा आवाज एवढा बारीक झाला, की ऐकायला मला पुढं वाकावं लागलं.

"तू बोलणी खाल्ली ती गल्लीसमोरच ना? मग हेबी गल्लीसमोरच सांगाया पायजे."

काकूंनी त्यांचा चष्मा घेतला, पदरानं पुसला आणि स्वतःच त्यांच्या डोळ्यांवर चढवला. शिंदेवहिनी जागेवरून उठल्या. मला वाटलं, घरी निघाल्या. त्या काकूंना खेटून बसल्या आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "काकू, सूनबाईला सातवा लागलाय. ओटी तुमीच पयली भरायची."

मला रडू आवरेना. पुस्तक लिहिल्याबद्दल त्या दिवशी मी पहिल्यांदा देवाचे आभार मानले.