टाकीवरची डबी

हयवदनच्या पत्राला हणमंतरावांनी उत्तरच पाठवलं नव्हतं. कचेरीतला हा जुना सोबती आता आनेकलला शेती करत होता. "तुझं बिनतारी यंत्र टाकीतलं पाणी घरबसल्या सांगतं म्हणे. खरंच चालत असेल तर आकृती धाड, मीही करतो," एवढंच त्याने लिहिलं होतं. 'चालतं' म्हणावं तर खोटं, 'चालत नाही' म्हणावं तर लाज.

कारण यंत्र फक्त रविवारी चालायचं.

बनशंकरीतल्या त्यांच्या घरी टाकीवरची डबी रेडिओने निरोप धाडायची. टेबलावरच्या डबीत तो पोचला की बारीक दिवा लुकलुकायचा. टाकी भरलेली असेल तर हिरवा लागायचा, रिकामी असेल तर लाल. पण सोमवार उजाडला की निरोप वाटेतच गडप, आणि खालचा दिवा शेवटच्या निरोपाला धरून हिरवाच. त्या भरवशावर त्यांच्या पत्नी अहल्याबाईंनी डोक्याला शिकेकाई चोळली आणि नळ कोरडा पडला.

"अहो, हिरवा म्हणजे भरलेली ना?"

"तो... कालचा हिरवा असावा."

"मग आजची आंघोळ काल करून येऊ?"

हणमंतरावांनी सेल बदलले, अँटेनाची तार पुन्हा मोजली. शिडी चढायला त्यांना घरातून बंदी होती, म्हणून वर अहल्याबाई जायच्या.

"दिवा लागलाय का गं वरच्या डबीचा?" ते अंगणातून विचारायचे.

"झकास लागलाय!"

ते आत येऊन बघेपर्यंत निरोप पुन्हा बेपत्ता.

मग संशय शेजारच्या कॉर्डलेस फोनवर गेला. शेजाऱ्यांच्या फाटकापर्यंत जाऊन ते संकोचाने दोनदा परतले. तिसऱ्यांदा पुण्याहून तिथे राहायला आलेल्या अनुषानेच हटकलं.

"काका, फोन करायचाय का? आमचा कॉर्डलेस महिनाभर रिपेअरला आहे हो. सॉरी!"

शेवटी त्यांनी सिद्धांत मांडला: रविवारी कारखाने बंद, म्हणून हवा मोकळी. पण गुरुवारी सकाळी जयनगरहून मेहुणा पुरुषोत्तम नाश्त्याला टपकला आणि यंत्र आपलं लुकलुकतंय!

"आज कारखाने बंद आहेत का रे?"

"छे हो भावोजी. मी आलो की अक्का इडली करते, तेवढं मला ठाऊक."

इडली तर रविवारीही असायची, दोन्ही वेळा. हणमंतरावांचा घास हातातच राहिला. तेवढ्यात अहल्याबाई धुतलेलं इडलीचं स्टीलचं पातेलं घेऊन शिडीकडे निघाल्या.

"अगं, ते कुठं?"

"तुमच्या डबीवर पालथं घालायला. स्वल्प ऊन असतं का वर? दिवा बघायचा तेव्हा उचलते, पुन्हा झाकते. तुम्ही एवढं जीव लावून केलेलं!"

पातेलं वर पोचलं आणि खालचा दिवा लुकलुकायचा थांबला.

धातूखालून रेडिओचा निरोप निघणार कसा, हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. संध्याकाळी ते प्लास्टिकची बादली घेऊन आले.

"उन्हाने तुझ्या पातेल्याची चकाकी जाते. यापुढे ही घाल."

"माझ्या पातेल्याची एवढी काळजी!" अहल्याबाई चक्क लाजल्या.

रात्री हणमंतरावांनी हयवदनला लिहिलं: 'यंत्र उत्तम चालतं. आकृती सोबत आहे. निरोप पोचेनासे झाले तर तार मोजू नकोस. डबीवर घरातलं कोण माया करतंय, ते आधी वर जाऊन बघ.'

गोंद संपला होता. अहल्याबाईंनी पाकिटाला इडलीचं उरलेलं पीठ लावलं आणि सकाळी भाजीला जाता जाता ते स्वतःच टपालपेटीत टाकलं.