टेंप-फायनल-दोन यांची टीम

कंपनीचे सगळे रेपो सोमवारी सकाळी सामान घेऊन रिसेप्शनवर येऊन बसले, आणि सिक्युरिटीने नियमाप्रमाणे प्रत्येकाला विचारलं, "कुणाकडे आलात?"

त्यांनाही तेच विचारायचं होतं.

हर्षदा कुंटेला खाली बोलावणं आलं, कारण हा उद्योग तिचाच होता. कोणता रेपो कोणत्या टीमचा, हे सांगणारी कॉम्प्युटरवरची एक नवी सर्व्हिस तिने शुक्रवारी चालू केली होती. रेपो म्हणजे एका कामाचा सगळा प्रोग्रॅम जिथे राहतो ती जागा. कंपनीत असे ढिगाने साठले होते, आणि एखादा बंद पडला की फोन कुणाला करायचा यावरूनच अर्धा दिवस जायचा. सर्व्हिसने प्रत्येक रेपोला त्याची टीम विचारली. 'माहीत नाही' असं उत्तर द्यायची सोय हर्षदाने ठेवली नव्हती. माहीत कुणालाच नव्हतं, म्हणून सगळे चौकशीला आले. त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

"शुक्रवार संध्याकाळपर्यंत वाट बघू," तिचे साहेब बेलसरे म्हणाले. "ज्यांना टीम मिळणार नाही ते तळघरात. दार बंद, वीज बंद. मला वर शंभर टक्के दाखवायचे आहेत."

हर्षदाचा नियम सरळ होता. रेपोला शेवटचा हात ज्याने लावला, त्याच्या टीमचा तो रेपो. कागदावर छान दिसत होता. फक्त कंपनीची रीत ती विसरली होती. इथे टिकून राहायचा विचार असलेला माणूस जुन्या प्रोग्रॅमला बोट लावत नसे. कुणी राजीनामा दिला की मात्र नोटीस पिरियडभर त्याच्या टेबलाभोवती गर्दी व्हायची. ज्याला हात लावायची भीती वाटते ते सगळं त्याच्याकडून करून घ्यायचं, निरोपाला समोसे खाऊ घालायचे, आणि पुढे काही बिघडलं की "ते कदमने केलंय" म्हणायचं. कदम तोवर कॅनडात.

तेव्हा सर्व्हिसने नकाशा अगदी नीटनेटका काढला. त्यातले निम्म्याहून जास्त मालक कंपनीतच नव्हते.

अशा बिनमालकाच्या रेपोंचं वाटप माणसांनी करायचं ठरलं. पेमेंटच्या रेपोवर तीन टीम तुटून पडल्या, कारण त्याचं नाव संचालकांना पाठ होतं. दिसायला बरे होते तेही गेले. गुरुवारी सोफ्यावर राहिले ते कुणालाच नको होते, आणि त्यांच्यात टोकाला बसले होते टेंप-फायनल-दोन.

ते वयस्कर होते. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, मांडीवर रेक्झिनची बॅग. आठ दिवसांच्या कामापुरतं म्हणून त्यांना बनवलं होतं, आणि मग थांबा असं कुणी म्हणालंच नाही. परदेशी गिऱ्हाईक तारखेत महिना आधी लिहायचं. टेंप-फायनल-दोन त्यातला दिवस उचलून महिन्याच्या आधी ठेवायचे. कंपनीतलं प्रत्येक बिल, प्रत्येक पगार आणि प्रत्येक रजा त्यांच्या हाताखालून जायची.

हर्षदा त्यांना घेऊन बिलिंगच्या उपेंद्र सबनीसकडे गेली.

"आमचे नाहीत," सबनीस मान वर न करता म्हणाला.

"अरे, तुझं एकेक बिल यांच्याकडून जातं."

"जातं ना. आम्ही वापरतो त्यांना. पण वापरणं वेगळं आणि सांभाळणं वेगळं. असं म्हटलं तर सोसायटीत येणारा पाण्याचा टँकरपण माझाच की."

"ते समोर उभे आहेत, उपेंद्र."

"म्हणूनच तोंडावर सांगतोय. मागून बोलायची सवय नाही आपल्याला."

"त्यांचं बरोबर आहे, मॅडम," टेंप-फायनल-दोन म्हणाले. "मी रोज येतो इथे. पण बसा असं कधी कुणी म्हणालं नाही."

हर्षदाला फार वाईट वाटलं. सबनीसच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला, पण तसं न करता ती थेट बेलसरेंकडे गेली आणि म्हणाली, "सर, काकांना मी घेते."

"तू कुठल्या टीममध्ये आहेस?"

ती या सर्व्हिससाठी उसनी आणलेली होती. ज्या टीमने तिला दिलं होतं त्यांनी तिचं नाव केव्हाच काढून टाकलं होतं.

"मग कसं जमणार?" बेलसरे म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी तिने टेंप-फायनल-दोन यांना सगळं खरं सांगून टाकलं. नियम, रीत, कदम, तळघर, काही लपवलं नाही.

"म्हणजे मानाने जायचं तर राजीनामा द्यायचा," ते म्हणाले. "मग मी देतो. दुसऱ्याने दिवा घालवायची वाट कशाला बघायची?"

दोघं एचआरच्या शर्वरी टिपणीसकडे गेले. तिने राजीनामा वाचला, शिक्का मारला आणि विचारलं, "मॅनेजर कोण?"

"नाहीत," हर्षदा म्हणाली.

"मग मंजूर कोण करणार? राजीनामा मॅनेजरच मंजूर करतो."

"म्हणजे यांना जाता येणार नाही?"

"मंजूर होईपर्यंत ते नोटीस पिरियडवर. आणि नोटीसवरच्याला तळघरात ठेवता येत नाही. कामाला बसवावं लागतं, खुर्ची द्यावी लागते." तिने कॉम्प्युटरमध्ये बघितलं. "खुर्ची टीमच्या नावावर निघते. यांच्या नावाने एक टीम उघडते."

"मग त्या टीमचे मॅनेजर हेच ना?"

"हेच. पण स्वतःचा राजीनामा स्वतःला मंजूर करता येत नाही," शर्वरी म्हणाली आणि पुढच्याला बोलावलं.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत बातमी सगळ्या मजल्यांवर पोचली. एक गृहस्थ नोटीसवर आहेत, आणि ते कधीच जाणार नाहीत. दुपारी त्यांच्या टेबलासमोर रांग लागली, आणि रांगेत पहिला सबनीस होता.

"काका, बसलात ना नीट?" तो म्हणाला. "एक अगदी छोटंसं काम होतं. बिलाचा हिशेब कदमने करून ठेवलाय, त्याला हात लावायचं धाडस कुणाचं होत नाहीये."

टेंप-फायनल-दोन यांनी हात लावला. सबनीसच्या मागे पेमेंटच्या तिन्ही टीम होत्या, आता अजिबात न भांडता. रिसेप्शनवर पडून राहिलेल्या रेपोंमधलीही वर्षानुवर्षांची दुखणी लोकांना एकाएकी आठवली. ज्यांचं काही बिघडलं नव्हतं तेही वहिवाट म्हणून आले. बेलसरे सगळ्यात शेवटी आले. हर्षदाच्या सर्व्हिसमधली एक तारीख त्यांना खटकत होती. हर्षदा बाजूच्याच खुर्चीवर होती, पण ती नोटीसवर नव्हती.

संध्याकाळी सर्व्हिसने हिशेब केला. शेवटचा हात ज्याचा, त्याच्या टीमचा रेपो. पडद्यावर टीमचं एकच नाव उमटलं आणि त्याच्याखाली कंपनीतले सगळे रेपो. बेलसरेंनी त्याचा फोटो काढून वर पाठवला. वरून अभिनंदन आलं. बाकीच्या टीमच्या नावांसाठी ठेवलेली जागा रिकामीच राहिली होती, ती कुणी बघितली नाही.

माणसं घरी गेल्यावर हर्षदाने पडदा टेंप-फायनल-दोन यांच्याकडे वळवला. त्यांनी चष्मा लावला आणि एकेका नावावर बोट ठेवत यादी पार खालपर्यंत वाचली.

"एवढे सगळे आपले?"

"हो, काका."

मग त्यांनी बॅग टेबलाखाली नीट सरकवून ठेवली.

"खाली सोमवारपासून बसलेत बिचारे," ते म्हणाले. "जेवलेत का?"

हर्षदाने नकाशा तपासला. त्यात तसा रकाना नव्हता. तिने तो जोडला, आणि दोघं जिना उतरून खाली विचारायला गेली.